हजेरीत मामांचं नाव नव्हतं: शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल सांडलं त्या दिवसाचं प्रकरण

घटना जानेवारीतल्या एका गुरुवारची. पुण्याच्या पेठांतली जुनी शाळा, तिलाच जोडून कनिष्ठ महाविद्यालय. दुसऱ्या मजल्यावरची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा जुन्या पद्धतीची आहे. खाली शहाबादी फरशी, टेबलांवर कडप्पा, मधल्या फळ्यांवर रीएजंटच्या, म्हणजे चाचण्यांना लागणाऱ्या रसायनांच्या, बाटल्या, एक दार पुढे आणि एक मागे. बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून बारावीच्या २२ जणांच्या बॅचची सॉल्ट अ‍ॅनालिसिसची उजळणी, म्हणजे दिलेला क्षार ओळखण्याचा सराव, चालू होती. वर्गावर एक मॅडम आणि मदतीला एक प्रयोगशाळा परिचर. परिचरांना सगळी शाळा मामा म्हणते, मीही तेच म्हणेन.

नंतर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता शाळांच्या प्रयोगशाळांची सुरक्षा तपासते. त्या दिवशी हजर असलेल्यांशी बोलून आणि जागा पाहून हे लिहिलं आहे. शाळेचं नाव देत नाही. अशा प्रयोगशाळा शहरात भरपूर आहेत आणि जे इथे घडलं ते त्यांतल्या कुठल्याही एकीत उद्या घडू शकतं.

काय झालं

फ्लेम टेस्टला (ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायच्या चाचणीला) लागणारं संहत, म्हणजे तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्ल संपत आलं होतं. मामा स्टोअररूममधून अर्ध्या लीटरची काचेची बाटली घेऊन आले. एका हातात ती, मानेला धरलेली. दुसऱ्या हातात फनेल आणि दोन रिकाम्या रीएजंट बाटल्या. पुढच्या दाराजवळ वळताना एका मुलाची सॅक पायात आली, बाटलीचा तळ कडप्प्याच्या कडेवर आपटला आणि बाटली खालून फुटली. सुमारे ४०० मिलीलीटर आम्ल होतं. थोडं टेबलावर राहिलं, बाकीचं फरशीवर गेलं. शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या उजव्या पायावर गुडघ्याखाली शिंतोडे उडाले. मामांच्या डाव्या पावलावर त्याहून जास्त पडलं. त्यांच्या पायात रबरी स्लिपर होत्या.

फरशी लगेच फेसाळायला लागली. शहाबादी म्हणजे चुनखडक, कडप्पाही बहुतेक त्याच जातीचा. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येणारच, आणि त्या बुडबुड्यांबरोबर आम्लाची झोंबणारी वाफही वर उसळते. त्यातच दोन टेबलं सोडून अमोनियाची बाटली उघडी होती. आम्लाची वाफ तिथवर पोचली आणि बाटलीच्या तोंडाशी दाट पांढरा धूर उठला. हा नवसागराचा धूर. अमोनिया ओळखायला आम्लात बुडवलेली काचकांडी धरतात, तेव्हा दिसतो तोच. मुलांनी तो जर्नलमध्ये कितीदा लिहिलेला असतो. पण हातभर उंच धूर अचानक दिसल्यावर जर्नल कुणाला आठवणार? कुणीतरी "आग! आग!" म्हणून ओरडलं आणि दाराकडे धावाधाव सुरू झाली. दार सांडलेल्या आम्लाला लागूनच होतं.

मॅडमचा आवाज मोठा आहे आणि त्या दिवशी तो कामी आला. "आग नाहीये! कुणीही धावायचं नाही. बर्नर बंद करा." मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, किल्ली खाली शिपायांकडे. म्हणून त्यांनी एका मुलीला पुढे घातलं आणि सगळ्यांना खिडकीच्या भिंतीला धरून, सांडलेल्या जागेपासून जमेल तितकं लांबून, एकामागे एक बाहेर काढलं. दोन-तीन मिनिटांत वर्ग रिकामा झाला. एका मुलीला दमा होता. तिला खोकला सुरू झाला, पण मोकळ्या हवेत बसवल्यावर आणि तिचा नेहमीचा पंप दिल्यावर ती सावरली.

त्या मुलाला मॅडमनी स्वतः खिडकीजवळच्या सिंककडे नेलं आणि नळ सोडला. नळातून नुसती खुरखुर आली, चार थेंब पडले आणि पाणी थांबलं.

पुण्यात राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. देखभाल-दुरुस्तीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते तो वार बहुतेकदा गुरुवार असतो, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने पाणी येईल, ही सूचनाही पाठ झालेली असते. गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत संपली होती. त्या दिवशी पाणी नाही हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. स्वच्छतागृहांसाठी पिंपं भरून ठेवली होती. प्रयोगशाळेचा विचार मात्र कुणाच्या मनात आला नव्हता.

मॅडमनी टायट्रेशनसाठी ठेवलेला डिस्टिल्ड वॉटरचा पाच लीटरचा कॅन उचलला आणि बीकरने मुलाच्या पायावर धार धरली. या एका निर्णयासाठी त्यांचं कौतुक करायला हवं. पाणी अशुद्ध होईल, पुढची बॅच काय वापरेल, असला विचार न करता जे हाताशी होतं ते त्यांनी ओतलं. बूट-मोजे काढले. पँट काढायला मुलगा तयार होईना, "मॅडम, राहू दे, काही होत नाहीये." दोन मित्रांनी अ‍ॅप्रन धरून आडोसा केला तेव्हा तो तयार झाला. भिजलेलं कापड अंगावर ठेवून वरून पाणी ओतलं तर आम्ल कापडात आणि कातडीला चिकटूनच राहतं, त्यामुळे तो आडोसा महत्त्वाचा ठरला. मग त्याला खाली नेलं. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी होती, तिच्या नळाखाली क्रीडाशिक्षकांनी घड्याळ लावून त्याचा पाय पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवला. पायावर फक्त लाली आली.

मॅडमनी मैदानात हजेरी घेतली. बावीसच्या बावीस हजर. सगळे सुखरूप आहेत असं त्यांनी ऑफिसला कळवलं.

हजेरीत मामांचं नाव नसतं.

त्या डब्यात काय होतं

मॅडम वर परत आल्या तेव्हा मामा प्रयोगशाळेत पोछा मारत होते. आदल्या दिवशीच्या बादलीत उरलेलं पाणी होतं, त्यात कापड बुडवून ते आम्ल पुसत होते. हातमोजे नाहीत, तोंडाला रुमाल. एका ठिकाणी असलेलं आम्ल आता अर्ध्या वाटेभर पातळ पसरलं होतं, आणि जितकं पसरेल तितकी वाफ जास्त. सफाईच्या मावशी एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन दारापर्यंत पोचल्या होत्या.

"मावशी, तिथेच थांबा. डब्यात काय आहे?"

"सोडा आहे हो मॅडम. मामांनी मागितला."

मॅडमनी झाकण उघडलं आणि वासावरून ओळखलं. ती स्वच्छतागृहात टाकायची ब्लीचिंग पावडर होती. आम्ल मारायला टाकतात त्या खाण्याच्या सोड्याचा आणि तिचा डबा एकसारखा, दोन्हींत पांढरी भुकटी, लेबल एकावरही नाही.

ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. वर्गात हे समीकरण आपण फळ्यावर लिहितो, मुलं परीक्षेत लिहितात. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पावडरीत वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन मोकळा होण्याजोगा असतो. त्या डब्यातली पाव किलो पावडर त्या फरशीवर पडली असती तर बंद खोलीत पंचवीस लीटरच्या आसपास क्लोरीन सुटू शकला असता, आणि मामा त्याच्या मधोमध वाकून बसलेले होते. आम्लाची वाफ घसा झोंबवते, माणूस आपणहून बाजूला होतो. क्लोरीन फुप्फुसापर्यंत जातो, आणि त्याचा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो. या सगळ्या प्रकरणात जिवावर बेतण्याजोगी गोष्ट बाटली फुटण्यापेक्षा हा डबा होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मॅडमचं लक्ष मामांच्या पायाकडे गेलं.

"मामा, पायावर पडलंय तुमच्या!"

"थोडंसं आहे. आधी हे आवरतो. बाटली माझ्या हातनं गेली ना."

बाटली फुटून तोवर वीस मिनिटं होत आली होती. मामांना खाली नेलं, स्लिपर काढली, पाय नळाखाली धरला. कुणीतरी टूथपेस्ट आणली, ती मॅडमनी लावू दिली नाही. वीस मिनिटं धुतल्यावर रिक्षाने दवाखान्यात नेलं. स्लिपरच्या पट्ट्याखाली, जिथे आम्ल अडकून राहिलं होतं, तिथे कातडी सोलली होती आणि पावलावर फोड आले होते. ड्रेसिंग बरेच दिवस चाललं. तेच आम्ल, तीच वेळ. मुलाच्या पायावर लाली आणि मामांच्या पायावर जखम. मामांवर जास्त पडलं होतं हे खरं, पण एवढ्या फरकाचं मुख्य कारण वीस मिनिटं पाणी न मिळणं हे आहे.

मामा आत का थांबले

संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न विचारला गेला तो "बाटली कुणाच्या हातून फुटली?" मी तिथे होते. प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मामा आत का थांबले याचं उत्तर त्या प्रश्नातच आहे. फुटलेली बीकर, ब्युरेट, थर्मामीटर यांचा हिशेब वर्षानुवर्षं त्यांच्याकडून घेतला गेला आहे. काही सांडलं की पुसायचं त्यांनी, हे कुणी न सांगताही ठरलेलं आहे. अशा माणसाला अंगावर आम्ल पडल्यावर आधी फरशी दिसते. त्यांना अ‍ॅप्रन मिळालेला नव्हता, गॉगल नव्हता, बंद बूट नव्हते. संहत आम्ल हाताळण्याचं काम मात्र रोज त्यांच्याकडेच होतं.

म्हणून माझ्या टिपणात पहिली शिफारस अशी होती: ज्याच्या अंगावर रसायन पडलं त्याने सफाईतल्या कशालाही हात लावायचा नाही, मग तो मुलगा असो, शिक्षक असो की परिचर. आधी खोलीतली सगळी माणसं मोजायची, मोठी माणसंसुद्धा. कुणाच्या अंगावर पडलंय हे विचारून थांबायचं नाही, प्रत्येकाच्या पायाकडे, बाह्यांकडे डोळ्यांनी पाहायचं. संकोचाने, नाहीतर भीतीने, माणसं "काही नाही" म्हणतात. त्या मुलानेही तेच म्हटलं होतं.

पाण्याचा हिशेब

कातडीवर आम्ल पडलं तर त्यावर सोडा लावायचा नाही, फक्त वाहतं पाणी. सोड्याने उष्णता निर्माण होते आणि चोळल्याने जखम वाढते. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, नाकाकडून कानाकडे पाणी वाहील असं डोकं कलतं ठेवून निदान १५ मिनिटं धुवायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढायची, ती निघण्याची वाट पाहत बसायचं नाही. डोळा, चेहरा किंवा श्वासाचा त्रास असेल तर धुणं चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा आणि बाटलीच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवायचा.

हे सगळं पाणी असेल तर. डोळे धुण्याच्या उपकरणासाठी अमेरिकेतलं मानक मिनिटाला किमान दीड लीटर आणि सलग १५ मिनिटं असं आहे, म्हणजे साडेबावीस लीटर. अंगावरच्या शॉवरसाठी मिनिटाला सुमारे ७५ लीटर लागतात, १५ मिनिटांत एक हजार लीटरची टाकी संपून वर पाणी कमी पडेल. शाळेच्या कपाटात डोळे धुण्याची अर्ध्या लीटरची बाटली होती, सीलबंद. ती पहिल्या अर्ध्या-एका मिनिटापुरती. नळापर्यंत पोचेतो उपयोगी, त्यापुढे नाही.

शॉवर बसवणं त्या इमारतीत लगेच शक्य नव्हतं. म्हणून तोटी असलेले वीस-वीस लीटरचे तीन कॅन सिंकजवळच्या कट्ट्यावर ठेवले, आठवड्याला पाणी बदलायचं. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून एक नळ प्रयोगशाळेपर्यंत आणायचं ठरलं. आणि एक नियम: सिंकला पाणी नसेल त्या दिवशी संहत आम्लाचं प्रॅक्टिकल नाही. यावर कुरकुर झाली. परीक्षा जवळ असताना एक बॅच बुडाली तर काय? त्या बॅचला त्या दिवशी टायट्रेशनची आकडेमोड किंवा तोंडी परीक्षेची तयारी करता येते. या नियमावर मी अडून बसले आणि मुख्याध्यापिकांनी साथ दिली.

फरशीचं काम

मामांना खाली नेल्यावर मॅडमनी खिडक्या उघड्या ठेवून दार ओढून घेतलं आणि अर्धा तास कुणालाही आत जाऊ दिलं नाही. एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीत कबुतरांनी घरटं केलं होतं, तो चाललाच नाही. मग त्या आणि दुसरे एक रसायनशास्त्राचे सर, गॉगल, रबरी हातमोजे आणि बंद बूट घालून आत गेले. आगीच्या बादलीतली कोरडी वाळू कडेने गोल पसरली, म्हणजे ओघळ पुढे जाणार नाही. मग खाण्याचा सोडा, बाहेरून आत, थोडा थोडा. एकदम ओतला की फेस उसळतो आणि आम्ल शिंतडतं.

किती सोडा लागतो हे शिक्षकांनाही पटकन सांगता येत नाही, म्हणून हिशेब देते. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ मोलर असतं, म्हणजे एका लीटरमध्ये १२ मोल (मोल हे पदार्थ मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक). ४०० मिलीलीटरमध्ये ४.८ मोल आम्ल, त्याला तितकेच मोल सोडा, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. जितके मिलीलीटर सांडलं तितके ग्रॅम सोडा, असं लक्षात ठेवता येतं, वर थोडा जास्तीचा. यातून ११५ ते १२० लीटर कार्बन डायऑक्साइड निघतो, खिडक्या त्यासाठीही उघड्या हव्यात. संहत सल्फ्युरिक आम्ल असतं तर तेवढ्याच आकारमानाला सव्वा किलोच्या आसपास सोडा लागला असता, आणि त्यावर थोडं पाणी टाकण्याची चूक तर अजिबात चालली नसती, इतकी उष्णता निघते. नायट्रिक आम्लावर लाकडाचा भुसा किंवा कागद टाकायचा नाही, ते पेट घेऊ शकतात. शाळांमध्ये भुसा सर्रास ठेवलेला दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

फेस थांबल्यावर निळा लिटमस, म्हणजे आम्लात लाल होणारा कागद, लावून पाहिला. पहिल्यांदा तो लाल झाला, पुन्हा सोडा टाकला. दुसऱ्यांदा निळाच राहिला. काचा चिमट्याने वेचून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या, खोकं चिकटपट्टीने बंद करून वर "फुटकी काच" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. आपला कचरा रोज कचरावेचक महिला हाताने वेगळा करतात, त्यांच्या बोटांना आपल्या प्रयोगशाळेची काच लागता कामा नये. उरलेला लगदा प्लॅस्टिकच्या सुपलीने भरला. त्यात आता मीठ, थोडं कॅल्शियम क्लोराइड, उरलेला सोडा आणि वाळू एवढंच होतं. फरशी दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर धुतली. तिथे आता खरखरीत, फिकट डाग आहे.

काय बदललं

मोठी बाटली आता वर्ग चालू असताना बाहेर येत नाही. रीएजंट बाटल्या आदल्या दिवशी स्टोअररूममध्ये भरतात, संहत आम्ल शिक्षकांच्या टेबलावर ड्रॉपर असलेल्या छोट्या बाटलीत राहतं आणि मोठी बाटली हलवायची तर प्लॅस्टिकच्या बादलीत उभी ठेवून. ती फुटली तरी आम्ल बादलीत राहील. आम्लं आणि अमोनिया वेगवेगळ्या कपाटांत गेली. सॅक बाहेर रॅकवर. मागच्या दाराचं कुलूप काढून आतून कडी लावली. दाराशी लाल बादली: दोन किलो सोडा, वाळू, हातमोजे, गॉगल, चिमटा, सुपली, लिटमस. डब्यावर "खाण्याचा सोडा" असं मराठीत ठळक लिहिलं आहे, आणि ब्लीचिंग पावडर त्या मजल्यावर ठेवायचीच नाही असं मावशींना कारणासहित समजावलं. कारण ऐकल्यावर त्यांनी स्वतःच तळमजल्यावरच्या डब्यावरही नाव घालून घेतलं.

मामांना बूट, अ‍ॅप्रन आणि गॉगल मिळाले. दर प्रॅक्टिकलला फळ्याच्या कोपऱ्यात खोलीतल्या माणसांचा आकडा लिहितात, त्यात ते आणि मॅडम धरलेले असतात. अपघाताच्या रजिस्टरमध्ये पहिल्या नोंदीत फक्त विद्यार्थी जखमी होता. मामांची नोंद मी आग्रहाने जोडून घेतली, त्यांच्या औषधोपचाराचा खर्च शाळेने करण्यासाठीही ती लागणार होती.

एका पालकांनी विचारलं की मुलांना अशी आम्लं हाताळायलाच का देता. मुलांनी ती हाताळावीत असं मला वाटतं. थेंबाथेंबाने, नीट दाखवल्यावर, गॉगल घालून. पुढे कारखान्यात किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना त्याच बाटल्या भेटणार आहेत.

एक काम अजून बाकी आहे. आवराआवर करताना स्टोअररूमच्या खालच्या कप्प्यात लेबल गळून गेलेल्या, झाकणं गंजलेल्या काही जुन्या बाटल्या निघाल्या. त्या उघडायच्या नाहीत, सिंकमध्ये ओतायच्या तर नाहीतच. रांजणगावला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे, पण एका शाळेच्या चार बाटल्यांसाठी वाहतूक आणि कागदपत्रं करणं खर्चाचं पडतं. म्हणून आजूबाजूच्या शाळांना पत्रं पाठवली आहेत: तुमच्याकडेही अशा बाटल्या असतील, एकत्र पाठवू. दोन शाळांचं उत्तर आलं आहे. तोवर त्या बाटल्या वाळू भरलेल्या ट्रेमध्ये, कुलपात आहेत, आणि त्या कुलपाची किल्ली मॅडमकडे आहे.